पहिला घाव हलका: नेलगनचा मागोवा

खिळा ठोकणाऱ्या सुताराचा हात नीट पाहिला तर त्याचा पहिला घाव हलका असतो. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि तर्जनीत खिळा उभा धरलेला, उजव्या हातात हातोडी किंवा वाकस. वाकसाची पाठ खिळ्याच्या डोक्याला टेकते, एकदोनदा हळूच टकटक होते आणि खिळा लाकडात जेमतेम उभा राहतो. मग बोटे बाजूला होतात. जोराचा घाव त्यानंतर. शिकाऊ पोराला मिस्त्री सुरुवातीलाच सांगतो, "आधी खिळा उभा कर, बोटं काढ, मग ठोक." या तीन क्रियांच्या मध्ये जी क्षणभराची उसंत असते, तिच्यावरच हातकामाची सुरक्षितता उभी आहे. घाव चुकला तर अंगठ्यावर बसतो, नख काळेनिळे होते, चार दिवस ठणकते. बहुधा तेवढ्यावर निभावते.

नेलगनने ही उसंत काढून घेतली. हवेच्या दाबाने खिळा मारणारे हे हत्यार कुठून आले हे शोधायचे तर ती उसंत कुठे हरवली आणि हत्यारात परत बसवायला किती वर्षे लागली, हेही सोबतच पाहावे लागते. शिरगाव, पालघर, बोईसरच्या पट्ट्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतले कारखाने रसायने, औषधांचा कच्चा माल, कापड आणि पोलाद तयार करतात. हा माल पिंपांत, गोण्यांत, गुंडाळ्यांत भरला जातो, लाकडी पॅलेटवर चढतो आणि परदेशी जायचा असला की ट्रकने बंदराकडे निघतो. एकेका पॅलेटला डझनावारी खिळे लागतात. ते ठोकायला हातोडी आता क्वचितच हातात घेतली जाते. शेडच्या कोपऱ्यात कॉम्प्रेसर धडधडत असतो, त्यातून निघालेला पाइप जमिनीवरून वळसे घेत येतो आणि त्याच्या टोकाला 'गन' असते. फर्निचरवाल्यांची ती पिन गन, पॅलेटवाल्यांची कॉइल गन.

या पट्ट्याला लाकूड आणि लोखंड यांची ओळख मात्र गनच्या कितीतरी आधीची. पालघरहून सातपाटीकडे जाताना शिरगाव लागते. तिथला समुद्राकाठचा किल्ला पोर्तुगीज अमलातला. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, जानेवारी १७३९ मध्ये, माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी एकापाठोपाठ एक मराठ्यांकडे आली. किल्ला आला की दरवाजे, तोफांचे गाडे, पाण्यात होड्या आल्या. आणि त्या सगळ्यांसाठी सुतार आणि लोहार. बारा बलुतेदारांच्या यादीत हे दोघे शेजारी आहेत, कारण एकाचे काम दुसऱ्यावाचून अडते. तरी जुन्या घराचे लाकूडकाम पाहिले तर खिळा फार थोड्या ठिकाणी दिसतो. तुळई खांबावर खाच पाडून बसवलेली, त्यात लाकडी खुंटी ठोकलेली. खिळा महाग होता, म्हणून तो राखून वापरायचा.

होड्यांची गोष्ट याहून रंजक आहे. अरबी समुद्रात शेकडो वर्षे अनेक जहाजांच्या फळ्या काथ्याने शिवल्या जात. मार्को पोलोने तेराव्या शतकात होर्मुझला अशी जहाजे पाहिली आणि ती त्याला मुळीच भरवशाची वाटली नाहीत. पोर्तुगीज आल्यावर खिळ्यांनी जोडलेल्या जहाजांचा या किनाऱ्यावर प्रसार वाढला. १७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईला आले आणि त्यांच्या घराण्याने गोदीत सागाची जहाजे बांधली. सागाचा एक गुण इथे फार उपयोगी पडला. त्यातल्या तेलकटपणामुळे लोखंडी खिळा आत बराच काळ टिकतो. इंग्लंडच्या ओक लाकडातले आम्ल मात्र लोखंड खाते. मुंबईत १८१७ साली पाण्यात उतरलेले 'ट्रिंकोमाली' हे सागवानी जहाज इंग्लंडमधल्या हार्टलपूलला आजही उभे आहे. शिरगावच्या शेजारी सातपाटीला लाकडी मच्छीमार नौकांची जी परंपरा आहे ती याच किनाऱ्याच्या हातकामाची. फळीत आधी भोक पाडायचे आणि मग मोळा आत घालायचा, म्हणजे लाकूड फाटत नाही. घाई करून चालत नाही, कारण फुटलेली फळी समुद्रात पाणी घेते.

लोहाराने घडवलेला खिळा किती मोलाचा होता, याची साक्ष स्कॉटलंडमध्ये मिळाली. इंचटुथिल इथला रोमन लष्कराचा तळ इ. स. ८७ च्या सुमारास सोडावा लागला तेव्हा सैनिकांनी जाण्याआधी एक मोठा खड्डा खणून त्यात खिळे पुरले. १९६० मध्ये उत्खननात ते सापडले. पावणेनऊ लाखांच्या आसपास खिळे, कित्येक टन वजनाचे. शत्रूच्या हाती लोखंड पडू नये म्हणून पुरलेला हा ठेवा होता. प्रत्येक खिळा कुणीतरी भट्टीत तापवून, ऐरणीवर चौकोनी ताणून, टोक काढून, डोके चेपून बनवला होता. इतक्या कष्टाने बनलेली वस्तू कोणी दणादण वापरत नाही.

खिळा स्वस्त कसा झाला, ही या वंशावळीतली पहिली मोठी पायरी. अमेरिकेत जेकब पर्किन्सने १७९५ मध्ये पत्र्यातून खिळे कापणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. एकोणिसाव्या शतकात तारेचे खिळे आले आणि शतक संपता संपता त्यांनी कापीव खिळ्याला मागे टाकले. आज आपण ज्याला खिळा म्हणतो तो हाच. पोलादाची सळई साच्यांच्या बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढून तार काढतात. ती तार यंत्र चिमटीत पकडते, टोकावर थंडच ठोसा मारून डोके बनवते आणि दुसरीकडे दोन पाती तिला चिमटून कापतात, त्यात टोक निघते. तार ओढण्याचा हा उद्योग तारापूर वसाहतीला नवा नाही. टाटा स्टीलचा तारेचा कारखाना इथेच आहे. दुकानात आपण बिरंजी मागतो, चुका मागतो, मोठ्या कामाला मोळे मागतो आणि ते किलोवर मोजून मिळतात. नगावर मोजायची वस्तू किलोवर आली, तिथेच पुढच्या यंत्राला वाट मोकळी झाली. खिळा मोजून वापरायचा असता तर मिनिटाला पन्नास मारणारे यंत्र कोणी कशाला बनवले असते?

दुसरी वाट हवेची. बोरघाटातून रेल्वेचा मार्ग १८५६ ते १८६३ या काळात खोदला गेला, तो पहारींनी, हाताने पाडलेल्या भोकांनी आणि त्यांत ठासलेल्या दारूने. त्याच सुमारास आल्प्समध्ये फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ सनी बोगद्याचे काम चालू होते. १८५७ मध्ये तेही हातानेच सुरू झाले. जेर्मां सोमेये या अभियंत्याने १८६१ पासून तिथे दाबलेल्या हवेवर चालणारे भोक पाडायचे यंत्र वापरले आणि कामाचा वेग बदलून गेला. १८७१ मध्ये बोगदा खुला झाला. हवा दाबून पाइपातून दूर नेता येते, तिथे ती हातोड्याचे काम करते, ठिणगी पडत नाही, आणि वापरून सुटलेली हवा बोगद्यातल्या माणसांना श्वासालाही उपयोगी पडते. हे एकदा कळल्यावर हवेचे हातोडे खाणींतून गोद्यांमध्ये आणि पुलांच्या रिव्हेटकामात शिरले. आपल्याकडे पुण्यात १९५८ मध्ये किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली, १९६० मध्ये अॅटलस कॉप्को भारतात आली. त्यानंतर हळूहळू कॉम्प्रेसर ही मोठ्या कारखान्याचीच चीज राहिली नाही. टायरवाला, रंगवाला, गॅरेजवाला सगळ्यांकडे ती आली. बोईसरच्या पॅकिंग शेडमधला कॉम्प्रेसर याच घराण्यातला.

तिसरी वाट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही: सुटे खिळे एकमेकांना जोडण्याची. यंत्राला सुटे खिळे एकेक करून खायला घालता येत नाहीत; ते वाकडे होतात, अडकतात. ही अडचण सुटली ती पुस्तकबांधणीच्या धंद्यात. १८९६ मध्ये अमेरिकेत बोस्टन वायर स्टिचर कंपनी निघाली, पुस्तकांना तारेचे टाके घालणारी यंत्रे बनवायला. पुढे तीच बोस्टिच म्हणून प्रसिद्ध झाली. ऑफिसात आपण जी स्टेपलरची पट्टी घालतो, चिकटून एका रांगेत बसलेल्या पिनांची, तीच कल्पना खिळ्यांना लावली गेली. कधी कागदाने, कधी प्लास्टिकने, कधी दोन बारीक तारा झाळून खिळे एकमेकांना जोडायचे. पॅलेटच्या गनमध्ये जी गुंडाळी बसते तिच्यात साधारण अडीचशे-तीनशे खिळे असतात, एकाशेजारी एक, तिरके. मागची कमान एकेक खिळा नाकाशी ढकलते. सुताराची डावी चिमटी, जिच्यात खिळा उभा राहायचा, तिची गरज इथे संपली.

या तिन्ही वाटा एकत्र आल्या त्या युद्धात, आणि तेही एका विमानासाठी. दुसऱ्या महायुद्धात हॉवर्ड ह्यूजेस यांच्या कंपनीने एक प्रचंड उडती बोट बांधायला घेतली. धातू युद्धासाठी राखलेला होता, म्हणून ती मुख्यतः बर्च लाकडाच्या पातळ थरांची, गोंदाने चिकटवलेली. गोंद वाळेपर्यंत थर दाबून धरायला हवेत, आणि एवढ्या मोठ्या वळणदार पृष्ठभागावर शिकंजे कुठे कुठे लावणार? तेव्हा लहान खिळे मारायचे आणि गोंद धरला की ते उपटून काढायचे, असे ठरले. त्या कामासाठी हवेवर चालणारी खिळे मारायची गन वापरली गेली. तिचे श्रेय मॉरिस पायनूस या अभियंत्याला दिले जाते. विमान २ नोव्हेंबर १९४७ रोजी एकदाच, थोडेसेच उडाले. गन मात्र राहिली. पहिल्या नेलगनचे खिळे लाकडात कायम राहण्यासाठी नव्हतेच, हे मला या सगळ्या हकिकतीतले सर्वांत विलक्षण वाटते.

१९५० मध्ये हवेची गन बाजारात आली. युद्धावरून परतलेल्या लाखो अमेरिकनांना घरे हवी होती, ती घरे लाकडाच्या सांगाड्यांची होती, आणि जमिनीच्या तक्तपोशीला हजारो खिळे लागत. वेग हीच मागणी होती. त्या वेगातून ट्रिगरची ती पद्धत आली जिच्यापाशी आपली गोष्ट खरे तर येऊन थांबते.

गन आतून कशी चालते हे एकदा समजून घेऊ. पाइपातली हवा गनच्या पोटात भरून राहते. ट्रिगर ओढला की वरची झडप उघडते, ती हवा एकदम पिस्टनवर येते, पिस्टनला जोडलेले पोलादी पाते खाली झेपावते आणि नाकाशी उभ्या असलेल्या एका खिळ्यावर आदळते. पिस्टन रबरी गादीवर थांबतो, उरलेली हवा त्याला परत वर ढकलते, मागचा खिळा पुढे सरकतो. सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत. दाब साधारण सहा-सात किलोचा. नाकाच्या टोकाला एक सरकता भाग असतो. तो लाकडावर दाबला गेल्याशिवाय गन सुटू नये अशी योजना. शेडमध्ये त्यालाच सेफ्टी म्हणतात.

आता प्रश्न क्रमाचा. जुन्या आणि अजूनही सगळीकडे दिसणाऱ्या पद्धतीत क्रम सैल असतो. बोट ट्रिगरवर दाबून धरा आणि गनचे नाक फळीवर आपटत चला; प्रत्येक आपटीला एक खिळा. टप, टप, टप. पॅलेटच्या फळ्यांवर हे फार जलद जाते. पण गन खिळा मारताना उसळते. उसळून नाक क्षणभर सुटते आणि वजनाने पुन्हा खाली येते. बोट तोवर दाबलेलेच असते, म्हणून दुसरा खिळा सुटतो. तो कुठे जाईल हे कुणी ठरवलेले नसते. पहिल्या खिळ्याच्या डोक्यावर आपटून तो वळू शकतो, फळीच्या कडेतून बाहेर येऊ शकतो, शेजारी फळी धरलेल्या डाव्या हातात घुसू शकतो. गन हातात लोंबकळत, बोट ट्रिगरवर ठेवून कुणी वळला आणि नाक स्वतःच्या मांडीला किंवा मागच्या माणसाच्या कमरेला लागले, तरी हेच होते. मांडी लाकूड नाही हे गनला कळत नाही.

दुसऱ्या पद्धतीत क्रम पक्का आहे. आधी नाक टेकवा, मग ट्रिगर ओढा, खिळा मारा. मग दोन्ही सोडा आणि पुन्हा पहिल्यापासून. ट्रिगर दाबून ठेवून नाक आपटले तर काहीच होत नाही. नाक टेकवणे हा तो पहिला हलका घाव. ट्रिगर ओढणे हा दुसरा, जोराचा. सुताराच्या हातातली उसंत यंत्रात परत बसवली ती या क्रमवार ट्रिगरने, आणि माझ्या मते नेलगनच्या सबंध इतिहासात यापेक्षा मोलाचा शोध नाही.

तो बाजारात असूनही स्वीकारायला मात्र दशके गेली. 'अनुभवी माणसाला काही होत नाही' असे म्हटले जाई. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाच्या हेस्टर लिप्सकॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेंट लुइस भागातल्या शिकाऊ सुतारांच्या दुखापतींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. आपटून चालणाऱ्या ट्रिगरने दुखापतीचा धोका क्रमवार ट्रिगरच्या दुप्पट, असे त्यातून दिसले. चार वर्षांच्या शिकाऊपणात पाचातल्या दोघांना गनने जखमी केले होते, दहातल्या एकाला तीन किंवा अधिक वेळा. तिथल्या आरोग्य खात्याने २००१ ते २००५ या काळाचा हिशेब मांडला तेव्हा गनच्या जखमा घेऊन वर्षाला सरासरी ३७,००० माणसे तातडीच्या उपचारांसाठी येत होती. निम्म्याहून अधिक जखमा हाताला आणि बोटांना. २००२ च्या अमेरिकी मानकाने मोठ्या गन क्रमवार ट्रिगर लावूनच विकायला सांगितले आणि २०११ मध्ये तिथल्या दोन सरकारी संस्थांनी ठेकेदारांसाठी पुस्तिका काढली. तिचा पहिला सल्ला हाच ट्रिगर वापरा, हा.

त्या पुस्तिकेत एक प्रयोग आहे. दहा मुरलेल्या सुतारांनी प्रत्येकी दोन सारख्या लहान खोल्या बांधल्या, एक या ट्रिगरने, एक त्या. आपटून मारायच्या गनने खिळे मारण्याचा वेळ दहा टक्क्यांनी वाचला. संपूर्ण बांधकामात मात्र ती बचत एक टक्क्याहूनही कमी भरली. मोजणे, कापणे, उचलणे, जागेवर बसवणे यातच खरा वेळ जातो. बोईसरच्या पॅलेटवाल्याला हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही, हे मी मानतो. त्याच्या कामात खिळे मारणे हाच मोठा भाग आहे, त्याचा वेळ अधिक जाईल. पण पॅलेटचे माप ठरलेले असते, तेव्हा फळ्या बसवायचा लोखंडी साचा एकदा करून घेतला की फळी हाताने धरावीच लागत नाही. हात जवळ नसला की खिळा हाताला लागणार नाही. ट्रिगरमुळे गेलेला वेळ साच्यात बराचसा परत मिळतो.

आपल्याकडे गन आली ती घरबांधणीतून नाही, प्लायच्या फर्निचरमधून आणि पॅकिंगमधून. प्लायवर लॅमिनेट, कडेला पट्टी, आत बारीक पिन. एका माणसाचे दिवसाचे काम अर्ध्यावर आले. पॅकिंगला आणखी एक रेटा मिळाला. लाकडाबरोबर किडे देशोदेशी जाऊ नयेत म्हणून २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम झाला. निर्यातीच्या पॅलेटचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटे तापवायचे किंवा धुरी द्यायची, आणि गव्हाच्या कणसाचा शिक्का मारायचा. मिळेल त्या लाकडाची खोकी चालेनाशी झाली. पॅलेट हा स्वतंत्र धंदा बनला, आणि त्या धंद्याचे मुख्य हत्यार कॉइल गन. किड्यांसाठी जगभर एक शिक्का ठरला. ते पॅलेट ठोकणाऱ्या हातासाठी तसा शिक्का नाही, ही गोष्ट मला बोचते.

कायदाही इथे तोकडा पडतो. १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रांना आडोसा घालण्याचे आणि डोळ्यांच्या संरक्षणाचे कलम होते, कलम ३५ खास डोळ्यांसाठीच. पण वीज वापरणाऱ्या जागी कारखाना कधी म्हणायचे याची मर्यादा महाराष्ट्राने २०१५ च्या दुरुस्तीने दहा कामगारांवरून वीसवर नेली, आणि त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या केंद्रीय संहितेतही ती वीसच आहे. सहा-आठ माणसांची पॅलेट शेड, चार माणसांचे फर्निचरचे काम, ठेकेदाराने साइटवर आणलेली टोळी हे सारे या उंबरठ्याच्या बाहेर राहतात. गन नेमकी तिथेच सर्वांत जास्त चालते. तिथे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचा निरीक्षक बहुधा येणार नाही. मालक आणि मुकादम हेच तिथले निरीक्षक.

म्हणून शेडमधल्या रीतींबद्दल स्पष्ट लिहितो. सेफ्टी तारेने बांधून ठेवायची सवय अनेक ठिकाणी असते, कारण ती अडकते, वेळ खाते. बांधलेली गन म्हणजे नाक न टेकवताही खिळा फेकणारे हत्यार; ती वापरू देऊ नये, दुरुस्तीला द्यावी. खिळा अडकला की आधी पाइप काढायचा, मग गन उघडायची. पाइपची जोडणी अशी हवी की पाइप निघताच गनमधली हवाही सुटून जाईल. नाहीतर पाइप काढूनही एक खिळा मारण्याइतका दाब पोटात उरतो. दाब गनवर लिहिलेल्या मर्यादेच्या वर न्यायचा नाही. कॉम्प्रेसर बंद पडला म्हणून ऑक्सिजनच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गॅसच्या सिलिंडरला गन जोडणे तर स्फोटाला बोलावणे आहे. फळी हाताने धरावीच लागली तर हात खिळ्याच्या जागेपासून निदान फूटभर दूर. लाकडाची गाठ दिसली की तिथे मारू नये. गाठ खिळ्याला वळवते. चालताना बोट ट्रिगरवर नको, आणि दुसऱ्याला गन देताना पाइप काढलेला हवा. डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे, हे दोन्ही प्रत्येकाला, शेजारी फळ्या लावणाऱ्या पोरालाही. खिळा सुटताना होणारा आवाज क्षणाचा असतो, पण दिवसभरात तो हजारो वेळा कानावर आदळतो.

आणि खिळा लागलाच तर तो तिथेच उपटू नका. गनच्या खिळ्याला अनेकदा खाचा असतात, जोडणीच्या तारेचे तुकडे त्याला चिकटलेले असतात. उपटताना ते आत शिरा आणि स्नायू फाडतात किंवा आतच राहतात. हात हलणार नाही असा धरून तसेच दवाखान्यात न्या, आणि बरोबर त्याच गुंडाळीतला एक खिळा न्या, म्हणजे डॉक्टरांना आत काय आहे ते कळेल. बाहेरून भोक बारीक दिसते म्हणून घरी पट्टी बांधून कामाला लागणारे अनेक असतात. हाताच्या जखमांपैकी चौथ्या हिश्शात सांधा, हाड, मज्जातंतू किंवा स्नायूची दोरी दुखावलेली असते. धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दलही डॉक्टरांना विचारा.

बोईसर-तारापूरमधल्या पॅलेटवाल्यांना, पालघर-शिरगावच्या फर्निचरवाल्यांना एक विनंती. आपल्याकडची गन कोणत्या ट्रिगरची आहे हे पाच मिनिटांत कळते. एक जाड टाकाऊ ठोकळा जमिनीवर ठेवा, आसपास कुणी नाही हे पाहा, डोळ्यांना चष्मा लावा. आधी ट्रिगर दाबून धरा आणि मग नाक ठोकळ्यावर टेकवा. खिळा सुटला, तर ती आपटून चालणारी गन आहे. कित्येक कंपन्यांच्या गनला क्रमवार ट्रिगर वेगळा मिळतो. विक्रेत्याकडे मागा आणि बसवून घ्या. त्या गनला तो मिळत नसेल तर पुढची गन घेताना आधी हे विचारा, किंमत नंतर. आणि तोवर ती गन नुकत्याच कामाला लागलेल्या पोराच्या हातात देऊ नका.